दादा, तुमची रायफल माझ्याकडे आली

दादा, तुम्हाला जाऊन जेमतेम दीड महिना झाला आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. अशा वेळी माणसं चांगलं चांगलं लिहितात. मंडळाच्या ग्रुपवर तुमच्याबद्दल बरंच लिहून आलं. 'सदैव हसतमुख' असंही एकाने लिहिलं. ते वाचून मला त्या दिवसांतही हसू फुटलं. नेमबाजीच्या रेंजवर कुणाच्या बंदुकीचं तोंड जरा इकडंतिकडं वळलं की तुम्ही कसे अंगावर धावून जायचात, ते त्या बिचाऱ्याने कधी पाहिलेलं नसणार. माझ्या पहिल्याच शनिवारी तुम्ही मला सगळ्यांसमोर इतकं झापलंत की मी गाडीत बसून रडले होते. डोळे पुसून बाहेर आले, तर तुम्ही दारात दुप्पट दूध-साखरेच्या डबल-डबल कॉफीचा कप घेऊन उभे. "रडून झालं? मग चल, पुन्हा दाखवतो."

भांडण रायफलचं आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. ते अर्धवट राहिलं. अर्धवट भांडण टाकून निघून जायची ही पद्धत मला पसंत नाही.

आपली गाठ पडली तीच मुळी तिच्यामुळे. मी नागपूरची, कॉलेजात एनसीसीमध्ये थोडी नेमबाजी केलेली, इथे हॅमिल्टनला एका हॉस्पिटलच्या आयटीत नोकरी करणारी. तुम्ही कोल्हापूरचे, स्टीलच्या कारखान्यातून रिटायर झालेले. मंडळाच्या गणपतीत आपण जेवणाच्या रांगेत मागेपुढे उभे होतो. मी कुणाला तरी एनसीसीची आठवण सांगत होते, आणि तुम्ही पातळ भाजीची वाटी हातात धरून गर्रकन वळलात. "नेम धरता येतो? मग हितं काय करतेस? चल शनिवारी." मग कोर्स, परीक्षा, लायसन्स. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून प्रश्न विचारायचात आणि मी पोळ्या लाटत उत्तरं द्यायची. एक उत्तर चुकलं की तुम्ही दुसरी पोळी घ्यायला नकार द्यायचात. या परमुलखात मला माहेर होतं ते तुमच्या त्या खडूसपणात, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. तुम्हाला ते ऐकवलं नसतं.

आता रायफल. साधी पॉइंट टू-टू, सेमी-ऑटोमॅटिक. चाप ओढला की गोळी सुटते, रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि पुढचं आपसूक आत जाऊन बसतं. म्हणजे बसायला हवं. तुमच्या रायफलमध्ये ते अधूनमधून बसेनासं झालं. दरवर्षी दसरा उलटला की थोडे दिवस त्रास व्हायचा, मग ती सुतासारखी सरळ यायची. आपण म्हणायचो, थंडी पडली, तेल घट्ट झालं असेल. पण गेला हिवाळा सरला, उन्हाळा आला, तरी अडकणं थांबेना. कधी काडतूस आत ढकलणारा बोल्ट पुरता मिटायचा नाही, कधी चाप मेल्यासारखा ढिला पडायचा.

माझं म्हणणं सरळ होतं. नवी घ्या.

तुमचं म्हणणं, अपग्रेड करू. "नळी लई झकास हाय अजून. चाप बदलू, स्प्रिंगा बदलू, दस्ता जरा हलका बसवू. झाली नवी."

"मग जुनं उरलं काय तिच्यात? एवढं करून राहिले तर नवीच घ्या ना दादा!"

"आज नवी घ्यायची आणि उद्या तिचं नाव यादीत आलं म्हणजे? हाताशी आहे ती सोडू नये."

यादी म्हणजे सरकारची बंदीची यादी. ती लांबतच चालली होती, आणि नेमबाजीच्या क्लबात कॉफीच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. आपल्या साध्या टू-टूला अजून कुणी हात लावलेला नव्हता, पण तुम्ही यादीचं नाव काढलंत की मी विषय बदलायची. ते तुम्ही बरोबर ओळखलं होतं.

गंमत अशी, की अपग्रेड अपग्रेड करत होतात ते तरी कुठे केलंत? गावाच्या वरच्या भागात, माउंटनवर, बंदुकांचं दुकान आहे, त्या दुकानात रायफल सोडायची म्हणून मी दोनदा मुद्दाम सुट्टी घेतली. एकदा म्हणालात, पुढच्या महिन्यात जाऊ. दुसऱ्यांदा तर ती केसमध्ये घालून माझ्या गाडीत ठेवली होती, आणि तुम्ही ती उचलून परत आत घेऊन गेलात. "दुसऱ्याच्या हातात कशाला उघडायला द्यायची? मी आहे की." मला वाटलं म्हाताऱ्याचा हट्ट. कारखान्यात आयुष्यभर मशिनी उघडलेला माणूस, त्याला दुसऱ्याचा स्क्रू ड्रायव्हर कसा सहन व्हावा!

ऑगस्टमधला तो शेवटचा शनिवार. क्लबची छोटीशी मैत्रीची मॅच होती. तुमचा नंबर आला आणि तिसऱ्याच गोळीला रायफल अडकली. तुम्ही नियमाप्रमाणे हात वर केलात, नळीचं तोंड समोर ठेवलंत, गोळ्यांचं मॅगझिन काढलंत. मग बोल्ट ओढायला गेलात तर बोटं दोनदा घसरली. मला वाटलं, घाम. शेजारच्या लेनमधला तो लालबुंद चेहऱ्याचा गृहस्थ हसून म्हणाला, "टाइम फॉर अ न्यू वन, बडी." मीही म्हणाले, "लेट इट गो, दादा. इट्स डन." तुम्ही रायफल केसमध्ये घातलीत.

परत येताना गाडी मी चालवत होते. तुम्ही खिडकीबाहेर मक्याची शेतं बघत होतात. मी विषय काढलाच. "बंदूक म्हातारी झाली दादा. मान्य करा ना."

"बंदुकीला काय झालेलं न्हाई, पोरी."

"मग कोणाला झालं?"

तुम्ही हातावर हात ठेवून बसलात. एक्झिट आली, तुमची गल्ली आली, तुम्ही उतरलात आणि "येतो" एवढंच म्हणालात. मंगळवारी सकाळी तुम्ही रिसायकलिंगचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवायला बाहेर गेलात आणि ड्राइव्हवेवर कोसळलात. हार्ट. ॲम्ब्युलन्स वेळेत आली होती, तुम्हीच थांबला नाहीत. वहिनींचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. त्यांनी फक्त, "अगं, हे उठत नाहीयेत," असं म्हटलं.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. केदार बर्नाबीहून आला. तुमचा मुलगा गुणी आहे, सगळं त्याने निस्तरलं. रायफलबद्दल मात्र त्याचं मत ठाम होतं. "आई, जस्ट सरेंडर इट. पोलिसांना कॉल कर, दे विल पिक इट अप. यू डोन्ट ईव्हन हॅव अ लायसन्स." खरं होतं त्याचं. त्या घरात आता लायसन्स असलेलं कुणी नव्हतं. वहिनी सोफ्यावर बसून होत्या. त्या म्हणाल्या, "ती हिची आहे. ते तसं बोलून गेलेत." केव्हा बोललात तुम्ही? मला तर कधी बोलला नाहीत. केदारने माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले, आणि रीतसर सगळं करून रायफल माझ्या नावावर करून दिली. साफसफाईची तुमची ती पत्र्याची पेटीही दिली.

म्हणजे भांडण माझ्याच घरी आलं. बदलायची की सुधारायची, ते आता मीच ठरवायचं. मी त्या दुकानात गेले, नवी रायफल हातात घेऊन पाहिली, खांद्याला लावून पाहिली. सुरेख होती. "ठेवून द्या, शनिवारी सांगते," म्हणून आले. आणि घरी आल्यावर नवी घ्यायची हिंमत होईना. नवी घेतली तर मी जिंकले. समोर तुम्ही नसताना जिंकून करू काय? आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे सगळे भाग बदलून घेतले, तर तुम्ही हात लावलेलं त्यात काय उरणार होतं, नुसती नळी? दोन आठवडे मी असल्या विचारात घालवले. नवरा म्हणाला, "अगं, आधी उघडून तर बघ, झालंय काय तिला." तो बंदुकीला हातही लावत नाही, पण बोलला ते बरोबर होतं.

गेल्या रविवारी दुपारी डायनिंग टेबलवर ग्रोसरीच्या जाहिरातीची फ्लायर पसरली आणि रायफल उघडली. आधी दोनदा तपासलं, आत काही नाही. तुम्ही शिकवलंत तसं, एकदा डोळ्यांनी, एकदा बोटाने. मग दस्ता काढला, चापाचा भाग सुटा केला, उलटा करून टेबलवर हलकेच आपटला.

तांदूळ पडले, दादा.

आधी मला कळलंच नाही. तेलात भिजून तपकिरी झालेले बारीक दाणे. एक अजून थोडा लाल होता. मी तो बोटावर घेतला, चुरडला आणि बोटाला कुंकू लागलं. आत डोकावले तर स्प्रिंगेच्या कडेला लाल लगदा बसला होता, त्यात आणखी दाणे चिकटले होते. अक्षता. खंडेनवमीच्या अक्षता.

मी खुर्ची ओढून बसले आणि दाणे एका बाजूला गोळा केले.

तुम्ही रायफल घ्यायचं काढलंत तेव्हा वहिनींनी घर डोक्यावर घेतलं होतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. "घरात बंदूक? मी राहणार नाही." शेवटी त्या एका अटीवर तयार झाल्या. शस्त्र घरात येणार असेल तर खंडेनवमीला त्याची पूजा होईल, आणि ती त्या करतील. मग दरवर्षी तुमच्या हॉलमध्ये चौरंग, त्यावर रायफल, शेजारी तुमचे कारखान्यातले पाने आणि वहिनींची शिवणाची कात्री. अंगणातला उरलासुरला झेंडू. गोळ्या खाली बेसमेंटमध्ये कुलपात. आणि रायफलचा बोल्ट सताड उघडा, मॅगझिन बाहेर. कारण बंदूक चार माणसांत ठेवायची तर ती रिकामी आहे हे लांबून दिसलं पाहिजे, हा तुमचा नियम. देवापुढेसुद्धा. मीही दरवर्षी तिथे उभी असायची. वहिनी हळदकुंकू वाहायच्या, डोळे मिटायच्या आणि चिमूटभर अक्षता टाकायच्या, सढळ हाताने, ओल्या कुंकवात कालवलेल्या. माझं लक्ष बासुंदीकडे.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, काय मागता हो वहिनी एवढा वेळ? म्हणाल्या, "दुसरं काय मागणार? हिच्यातून कुणाचा जीव जाऊ नये, आणि हिच्यापायी ह्यांना काही होऊ नये. एवढं देवाने ऐकलं की माझं झालं."

मग मी तुमची पत्र्याची पेटी उघडली. ब्रश, चिंध्या, तेलाची बाटली, आणि तळाशी वहिनींचा भुवयांचा चिमटा. दर दसऱ्यानंतर तो हरवायचा. वहिनी वैतागून मलाच विचारायच्या, तू नेलास का गं? आणि तुम्ही पेपरात तोंड घालून बसायचात. चिमट्याची टोकं लाल होती.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पहिल्या वर्षापासून माहीत असणार. दर दसऱ्यानंतर तुम्ही एकटे बेसमेंटमध्ये बसून एकेक दाणा वेचत होतात, म्हणून ती सरळ यायची. आणि गेल्या वर्षी तुम्हाला ते जमलं नाही. तुमच्या हातातला कप बशीत ठेवताना वाजायचा. माझ्या पोरीच्या वाढदिवसाला तुम्ही मेणबत्ती लावायला घेतलीत आणि लायटर माझ्या हातात दिलात. मी पाहिलं होतं हे सगळं, पण ते रायफलशी जोडलं नाही. थरथरत्या बोटांनी, बारीक चिमट्याने, त्या एवढ्याशा जागेतून दाणे कसे निघणार होते? बंदुकीला काही झालेलं नाही, असं तुम्ही मला सांगितलंत, आणि मी पुढे विचारलं तेव्हा एका हातावर दुसरा दाबून बसलात.

खरं सांगू? मला आधी रडू नाही आलं, राग आला. अजून आहे. चापाच्या यंत्रात तांदूळ घेऊन तुम्ही रेंजवर उभे राहत होतात! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तुम्ही त्याला गेटबाहेर काढलं असतं, पुन्हा आत घेतलं नसतं. सेफ्टीचा खटका ढिला पडला असता म्हणजे? आणि सोपं होतं हो. वहिनींना म्हणायचं, "अक्षता जरा बाजूला टाक." चार शब्द. किंवा वरून एक रुमाल टाकायचा. मला सांगायचं, मी वेचून दिल्या असत्या, माझे हात स्थिर आहेत अजून. ते सोडून तुम्ही मॅच हरलात, त्या लालबुंद माणसाकडून बोलून घेतलंत, माझ्याकडून घेतलंत. रविवारी मी तुमच्या त्या चिमट्याशी मोठ्याने भांडले. नवरा वरून खाली आला.

मग मी ठरवलं, वहिनींना सांगायचं. मला पोटात ठेवता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. यंदा तुमच्याकडे सण नव्हता, वर्षाच्या आत करत नाहीत. पण वहिनींचा फोन आला, "रायफल तुझ्याकडे आहे, खंडेनवमीला पूजा तू कर. मी नुसती येऊन बसेन." म्हटलं, बरं झालं. आल्या की आधी सांगून टाकते. हसतील, रडतील, मोकळ्या होतील. आणि मग रायफल साफ होईल, झाकून पूजा होईल, बदलायचा प्रश्नच उरणार नाही. दुकानात फोन करून ती नवी सोडूनही दिली मी. सगळं किती नीट जुळवलं होतं.

काल त्या आल्या. साधी कॉटनची साडी, वर तुमचं ते राखाडी जॅकेट, बाह्या दुमडलेल्या. कपाळाला बारीकशी टिकली होती, एकदा काढून पुन्हा लावल्यासारखी. आल्या त्या चौरंगापासून लांब, दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. मी म्हटलं, वहिनी, पुढे या ना. "इथं ठीक आहे गं." माझी मुलगी म्हणाली, "आजी, कम सिट विथ मी." तरी उठल्या नाहीत.

मी रायफल ठेवली. स्वच्छ केलेली, दाणा न् दाणा काढलेला. बोल्ट उघडा, मॅगझिन बाहेर. तुमचा नियम मोडायची माझी छाती नाही. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. रुमाल माझ्या खांद्यावर तयार होता. आता तो उघड्या भागावर टाकायचा आणि हसत हसत सगळं सांगायचं, असं मनात म्हणत मी वळले. वहिनी खुर्चीतून उठून माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. अक्षतांच्या वाटीकडे बघत होत्या.

"मी टाकू का गं?" त्यांनी विचारलं. "आता चालतं ना माझ्या हातचं?"

दादा, मला सांगा, तुम्ही काय केलं असतंत? ते चार शब्द माझ्या तोंडात तयार होते. अक्षता जरा बाजूला टाका. त्या क्षणी ते त्यांना कसे ऐकू गेले असते? मी रुमाल टाकायला नुसता हात पुढे केला असता तरी त्यांनी वाटी खाली ठेवली असती आणि पुन्हा कुठल्याच पूजेला हात लावला नसता. मला कळलं. उशिरा कळलं, पण तुमचं ते पेपरात तोंड घालून बसणं मला तेव्हा कळलं.

"तुम्हीच टाकायच्या वहिनी," मी म्हटलं. "दरवर्षी तुम्हीच टाकता."

त्यांनी डोळे मिटले. किती वेळ ओठ हलत होते. आता त्या कुणासाठी मागत होत्या, ते मी विचारलं नाही. मग त्यांनी चिमूट भरून घेतली, नेहमीसारखी सढळ, ओली, लाल. झेंडूवर पडल्या, दस्त्यावर पडल्या, चौरंगाच्या कडेला उडाल्या. आणि थोड्या त्या उघड्या बोल्टमधून आत गेल्या. मला दिसल्या आत जाताना. रुमाल माझ्या खांद्यावरच राहिला.

त्या जेवून गेल्या, बऱ्याच दिवसांनी नीट जेवल्या. निघताना दारात बूट घालता घालता म्हणाल्या, "ती बदलणार होतीस ना तू? नवी घेणार होतीस?"

"नाही," मी म्हटलं. "चांगली आहे ती. तिला काही झालेलं नाही."

आज सुट्टी घेतली आहे. टेबलवर फ्लायर पसरली आहे, दिवा ओढून घेतला आहे, आणि तुम्हाला हे लिहिते आहे. लिहून झालं की ती उघडायची. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, तो राहू दे. पण त्या अक्षतांची काळजी करू नका, दादा. चिमटा माझ्याकडे आहे.